विश्लेषण : पाऊण मात्रेचा प्रतिध्वनी आणि पुसता पुसता वाचलेले गाणे

आयर्लंडची राजधानी डब्लिन, साल १९८६. ‘यू-टू’ या बँडच्या नव्या अल्बमचे ध्वनिमुद्रण लांबत चालले होते आणि त्याला मुख्यतः एकच गाणे कारणीभूत होते. निर्माता ब्रायन ईनो याने एके दिवशी त्या गाण्याच्या टेप यंत्रावर लावल्या आणि त्या पुसून टाकण्याची तयारी केली. तेवढ्यात पॅट मॅकार्थी हा अभियंता चहा घेऊन खोलीत आला. काय चालले आहे हे लक्षात येताच त्याच्या हातातला चहा खाली पडला आणि त्याने ईनोला अक्षरशः धरून थांबवले. तिथेच काम करणाऱ्या फ्लड या दुसऱ्या अभियंत्याने ही आठवण सांगितली आहे.

ते गाणे म्हणजे ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’. मार्च १९८७ मध्ये आलेल्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बममधले हे पहिलेच गाणे. पुढे या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले आणि रॉक संगीतात ‘वातावरण’ म्हणजे काय, याचे उदाहरण म्हणून हे गाणे आजही पुढे केले जाते. गिटार शिकणारी मुले त्याची सुरुवात यूट्यूबवर पाहून घोटतात. बहुतेकांचा समज असा असतो, की गिटारला एक ठरावीक पेडल जोडले की ते वातावरण आपोआप तयार होते.

तसे ते होत नाही. या गाण्याचे वातावरण म्हणजे शेवटी वरून फवारलेले अत्तर नव्हे. ते आधी हिशेबात, मग भांडणात आणि शेवटी अर्धवट राहिलेल्या शब्दांत तयार झाले.

गाणे सुचले कसे?

‘यू-टू’ची सुरुवात १९७६ साली डब्लिनमधल्या एका शाळेत झाली. ड्रमर लॅरी मलन याने शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावली आणि त्यातून चौघे जमले. पंकनंतरच्या पिढीचा हा बँड. आज स्टेडियम भरणाऱ्या या मंडळींना ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणावे का, यावर संगीतप्रेमी वाद घालतील. पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना अमेरिकेत हात दिला तो महाविद्यालयीन रेडिओ केंद्रांनी आणि त्यांच्यानंतरच्या अल्टरनेटिव्ह रॉकने जो घुमणारा, पसरणारा गिटारचा आवाज आपलासा केला, त्याचा मोठा हिस्सा इथून आला.

१९८४ च्या ‘द अनफर्गेटेबल फायर’ या अल्बमपासून ब्रायन ईनो आणि कॅनडाचा डॅनियल लान्वा हे निर्माते त्यांच्याबरोबर होते. ईनो हा ‘अँबियंट’ संगीताचा मोठा प्रवर्तक. विमानतळावर ऐकण्यासाठी म्हणून त्याने १९७८ साली एक संपूर्ण अल्बम केला होता. त्यात चाल जवळपास नाहीच; सूर येतात, विरतात, पुन्हा येतात. असा माणूस आणि गर्दीला पेटवण्याची हौस असलेला बँड एकत्र आले, तेव्हा ठिणग्या उडणार हे उघडच होते.

नव्या अल्बमचे काम सुट्टीनंतर पुन्हा सुरू होणार होते, त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. गिटारवादक एज (खरे नाव डेव्हिड एव्हन्स) नुकत्याच विकत घेतलेल्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, चार ट्रॅकच्या टेप यंत्रापुढे एकटाच बसला होता. अल्बमसाठी बरीच गाणी जमली होती, पण मैफलीत लोकांना जागेवरून उठवील असे त्यात फारसे काही नाही, ही त्याची चिंता. मग त्याने उलटा विचार केला : आपण या बँडचे चाहते आहोत आणि गर्दीत उभे आहोत, तर कोणते गाणे सुरू व्हावे असे वाटेल? कीबोर्ड, बास, गिटार आणि ड्रम मशिन वापरून त्याने रात्रीत एक कच्चा नमुना तयार केला. आपल्या आयुष्यातला सर्वांत भारी गिटारचा तुकडा सापडला, असे त्याला वाटले. घरात ऐकवायला कुणी नव्हते. तेव्हा हवेत मुठी मारत तो एकटाच नाचला, असे त्यानेच सांगितले आहे.

ज्या गाण्यात आज लोकांना अध्यात्म, वाळवंट, मुक्ती वगैरे सापडते, त्याचा उगम असा अगदी व्यवहारी होता. मैफलीत एक हुकमी पान हवे होते. यात कमीपणा काहीच नाही. उलट, ‘मनात भाव दाटून आला आणि गाणे झाले’ या कलावंतांविषयीच्या लाडक्या कल्पनेपेक्षा हे जास्त खरे आहे.

पाऊण मात्रेचे गणित काय?

गाणे सुरू होते ते ऑर्गनसारख्या लांब, संथ सुरांनी. चर्चमध्ये प्रार्थनेआधी वाजावे तसे. पहिली चाळीसेक सेकंद एवढेच. मग ४२ व्या सेकंदाच्या सुमारास खूप लांबून गिटार जवळ येऊ लागते. सहा स्वरांचा एक छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा. १ मिनिट १० सेकंदांच्या आसपास बास आणि ड्रम दाखल होतात आणि गायक बोनोचा आवाज येईपर्यंत पावणेदोन मिनिटे उलटून गेलेली असतात.

त्या सहा स्वरांच्या तुकड्यातच गाण्याची सगळी जादू आहे आणि ती समजून घ्यायला पाश्चात्त्य स्वरलिपी यावीच लागते असे नाही. तबल्याच्या वर्गात ‘पाऊणपट’, ‘दीडपट’ हे शब्द ऐकलेल्या कुणालाही ती कळेल.

गाण्याची लय मिनिटाला साधारण १२६ मात्रांची आहे. म्हणजे एक मात्रा सुमारे ४७६ मिलिसेकंदांची. एज दर अर्ध्या मात्रेला एक स्वर छेडतो, म्हणजे दर २३८ मिलिसेकंदांनी. गिटारचा आवाज ‘डिले’ नावाच्या यंत्रातून जातो. हे यंत्र वाजवलेला प्रत्येक स्वर लक्षात ठेवते आणि ठरवलेल्या वेळाने तोच स्वर पुन्हा ऐकवते. हा ठरवलेला वेळ किती, हाच कळीचा प्रश्न.

प्रतिध्वनी अर्ध्या मात्रेने आला, तर तो पुढच्या छेडलेल्या स्वरावरच आदळेल आणि नुसता चिखल होईल. पूर्ण मात्रेने आला तरी तेच. एज तो पाऊण मात्रेवर ठेवतो, म्हणजे सुमारे ३५७ मिलिसेकंदांवर. आता हिशेब करून पाहा. दुसरा स्वर येतो २३८ वर, तिसरा ४७६ वर आणि पहिल्याचा प्रतिध्वनी येतो ३५७ वर, त्या दोघांच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेत. माणूस सहा स्वर वाजवतो, कानावर बारा पडतात. त्यातले सहा ताजे आणि सहा थोडे मागचे, थोडे विरळ. शिवाय प्रतिध्वनी तिथे वाजत असलेल्या स्वराचा नसतो, आधी होऊन गेलेल्या स्वराचा असतो. त्यामुळे आत्ता आणि मघाशी यांची वीण पडत जाते. झाडाच्या पानांतून ऊन लुकलुकावे तसा भास होतो तो यामुळे.

लुकलुकणे भासाचे असले, तरी त्यामागची शिस्त मात्र लष्करी आहे. एकदा यंत्रावर वेळ ठरला की तो बदलत नाही. गिटारवाला जरा पुढे पळाला किंवा ड्रमर जरा रेंगाळला, तर प्रतिध्वनी आपल्या फटीतून सरकतो आणि झुंबराच्या काचा एकमेकींवर आपटाव्यात तसा गोंधळ होतो. साऱ्या बँडला त्या यंत्राच्या घड्याळाला बांधून घ्यावे लागते. ऐकणाऱ्याला मोकळे, तरंगते वाटावे म्हणून वाजवणाऱ्याने किती जखडून घ्यायचे असते, हे या गाण्यात दिसते तसे क्वचितच कुठे दिसेल.

एवढ्यावर भागत नाही. सुरुवातीचा गिटारचा भाग तीन मात्रांच्या आवर्तनात आहे, म्हणजे सहा अर्ध्या मात्रांचे चक्र. ढोबळमानाने आपल्या दादऱ्याच्या चालीचा हिशेब. मुख्य गाणे मात्र चार मात्रांत, आठ अर्ध्यांच्या चक्रात, केरव्याच्या घरात चालते. शेवटी गाणे पुन्हा तीनात परतते. गाण्याच्या पोटात असे दोन वळसे आहेत. दादऱ्यातून केरव्यात लय न मोडता शिरायचे, तेही श्रोत्याच्या लक्षात येऊ न देता, तर बैठकीतल्या कसलेल्या तबलजीलाही सावध राहावे लागते. इथे ते रॉक बँडमधल्या तिशीच्या आतल्या चार मुलांना करायचे होते, ज्यांच्यापैकी बहुतेकांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते.

टेप पुसायची वेळ का आली?

एजने नमुना ऐकवला तेव्हा सगळ्यांना तो आवडला. वाजवता मात्र येईना. ते गाणे तेव्हा परकी भाषा वाटत होते, असे बासवादक ॲडम क्लेटन याने पुढे म्हटले आहे. लान्वाने शेवटी शाळेत असतो तसा मोठा फळा आणला, त्यावर कॉर्ड लिहिल्या आणि हातात छडी घेऊन मास्तरासारखा एकेक बदल दाखवत राहिला. जगभरच्या तरुणांना बेभान करणारे गाणे चौघे जण फळ्याकडे बघत वाजवताहेत, हे दृश्य गमतीचे आहे खरे.

मग सुरू झाली डागडुजी. एक बऱ्यापैकी वाजवलेला प्रयत्न हाती लागला होता. त्यात दोष पुष्कळ होते. आज ड्रम बदलले, उद्या बास, परवा गिटार. असे आठवडेच्या आठवडे गेले. एवढे बदल झाले की मूळ वादनातले काहीच शिल्लक उरले नाही. अल्बमला लागलेल्या एकूण वेळापैकी निम्मा वेळ या एका गाण्याने खाल्ला, असा ईनोचा अंदाज आहे.

ईनोच्या संतापाचे मूळ इथे आहे. त्याला गाणे मारायचे नव्हते. त्याचे म्हणणे होते, की स्क्रू पिळत बसण्यापेक्षा अपघात घडवून आणावा, टेप नाहीशी व्हावी, म्हणजे चौघांना निमूटपणे एकत्र उभे राहून नव्याने वाजवावे लागेल. त्या काळी ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होई. तिच्यावर नवे मुद्रण केले की जुने कायमचे गेले. ‘अनडू’ची सोय नव्हती. म्हणून तर चहा सांडला.

ईनोचे निदान बरोबर होते. घराची एकेक वीट बदलत गेलात तर शेवटी घर उभे राहील, पण ते कुणाचे, हा प्रश्न उरतोच. कलेत अशी वेळ येते की दुरुस्ती ही भीतीचे रूप घेते. टाकून देण्याचे धाडस नाही म्हणून आपण दुरुस्त करत बसतो. नाटकाच्या तालमी करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते.

पण त्याचा उपाय चुकीचा होता आणि त्याचे कारण त्या पाऊण मात्रेत आहे. एकत्र उभे राहून जोशात वाजवल्याने ज्या गाण्यांचे भले होते, त्यांतले हे नव्हतेच. इथे जोश यंत्राच्या वेळापत्रकात बसवायचा होता. ते कष्टाचे, कंटाळवाणे, मिलिमीटरने पुढे सरकणारे काम होते आणि ते टाळून पुढे जाण्याची वाट नव्हती. अखेर अनेक वेगवेगळ्या प्रयत्नांतले तुकडे जोडून गाणे उभे केले गेले आणि शेवटच्या टप्प्यात बँडचा जुना निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट याला बोलावून त्याच्याकडून त्याचे मिश्रण करून घेतले गेले. म्हणजे अल्बमवर आपण जे ऐकतो, ते चौघांनी एका वेळी, एका खोलीत कधीच वाजवलेले नाही. त्यात ‘तो एक क्षण’ नाहीच.

हे कळल्यावर काहींना फसवणूक झाल्यासारखे वाटते. वाटू नये. सिनेमातला पाऊस टँकरचा असतो हे माहीत असूनही आपण भिजतोच की.

गंमत म्हणजे खुद्द लॅरी मलनलाही हे ध्वनिमुद्रण कधी पुरते पटले नाही. हे गाणे खरे मोठे झाले ते मैफलीत वाजवून वाजवून. अल्बमवर ते त्याच्या निम्मेही नाही, असे त्याचे मत. एजने ज्यासाठी ते रचले होते तिथेच ते पोहोचले, असे म्हणायचे. अल्बममधल्या गाण्यांचा क्रम लावायचे काम गायिका कर्स्टी मॅकॉल हिच्याकडे दिले होते. तिला हवा तसा क्रम लावायची मुभा होती. अट एवढीच, की हे गाणे पहिले आणि ‘मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड’ शेवटचे. एवढी डोकेदुखी झाल्यावरही दाराशी कुणाला उभे करायचे, याबद्दल बँडच्या मनात शंका नव्हती.

नाव नसलेले रस्ते कुठले?

आता शब्दांकडे. बोनोच्या डोक्यात होते ते उत्तर आयर्लंडचे बेलफास्ट शहर. तिथे माणूस कुठल्या रस्त्यावर राहतो एवढे कळले, की त्याचा धर्म कोणता आणि त्याची कमाई साधारण किती, हे सांगता येते. फॉल्स रोड म्हणजे कॅथलिक, शँकिल रोड म्हणजे प्रोटेस्टंट. १९६९ च्या दंगलींनंतर या वस्त्यांमध्ये भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांना नाव दिले गेले ‘शांतता रेषा’. त्यांतल्या अनेक आजही उभ्या आहेत. बोनोचे वडील कॅथलिक, आई प्रोटेस्टंट. ‘कुठला रस्ता?’ या प्रश्नाचा काच त्याला घरातूनच ठाऊक असणार.

दुसरा धागा इथिओपियाचा. १९८५ मध्ये तो आणि त्याची पत्नी ॲली यांनी तिथल्या दुष्काळग्रस्तांच्या छावणीत काही आठवडे काम केले. या गाण्याच्या पहिल्या ओळी त्याने तिथल्या एका गावात, विमानात उलटीसाठी देतात त्या कागदी पिशवीवर खरडल्या. शहरात पाटीवर सगळे लिहिलेले; इथे वाळूत पाटीच नाही.

पुढे बोनोने या शब्दांवर स्वतःच टीका केली आहे. ते केवळ आराखड्यासारखे राहिले, पुरे झालेच नाहीत, असे तो म्हणतो. कवितेच्या कसोटीवर त्याचे म्हणणे मान्य करावे लागेल. त्यात बेलफास्टचा उल्लेख नाही, इथिओपियाचा नाही, घटना नाही, पात्र नाही. कुठून तरी बाहेर पडायची ओढ तेवढी आहे.

पण वातावरणाच्या गाण्यात हे अर्धवटपणच कामी येते. पावणेदोन मिनिटे वाद्यांनी एक मोकळी जागा तयार केली आहे. त्यात नेमका पत्ता सांगणारे शब्द आले असते, तर ती जागा एकाच शहराची झाली असती. शब्द धूसर राहिल्यामुळे ती कुणालाही वापरता येते. ३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्सला अमेरिकेतल्या ‘सुपर बोल’ सामन्याच्या मध्यंतरात बँडने हे गाणे वाजवले, तेव्हा मागच्या उंच पडद्यावर ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्यांची नावे वर सरकत होती. बिननावाच्या रस्त्यांचे गाणे आणि पडद्यावर नावेच नावे. हा अर्थ लिहिताना कुणाच्या स्वप्नातही नव्हता, पण गाण्यात त्याला जागा होती.

याची एक उलटी बाजूही आहे. इतकी मोकळी जागा असलेले गाणे कुणीही कशासाठीही वापरू शकते. भव्यतेचा नुसता देखावा करायलाही ते चालते आणि पुढच्या काळात त्याची नक्कल करणाऱ्या कितीतरी बँडनी तेवढाच भाग उचलला. १९९१ मध्ये ‘पेट शॉप बॉइज’ने त्याचा डिस्को अवतार केला. त्यांनी त्यातले सगळे गांभीर्य काढून टाकून ते एका जुन्या प्रेमगीताला जोडले. चाहते चिडले, पण ती थट्टा अगदीच बिनबुडाची नव्हती.

महाराष्ट्रात ते कधी वाजले?

१५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. ‘यू-टू’चा भारतातला हा पहिला कार्यक्रम आणि ‘जोशुआ ट्री’च्या त्या दौऱ्यातला शेवटचा. त्या दौऱ्यात सगळा अल्बम पहिल्या गाण्यापासून क्रमाने वाजवला जाई, म्हणजे त्याचे दार या गाण्यानेच उघडे.

जागा मोठी सूचक होती. सिडकोने आखलेल्या नवी मुंबईत पत्ता सांगायचा तो सेक्टर आणि प्लॉटच्या क्रमांकाने. रस्त्याचे नाव विचारले तर रिक्षावालाही क्षणभर थांबेल. अशा शहरात हजारो लोक बिननावाच्या रस्त्यांचे गाणे ऐकत होते. अर्थात सेक्टरच्या क्रमांकावरूनही घरभाड्याचा आणि म्हणून कमाईचा अंदाज येतोच, हा भाग वेगळा.

मराठी माणसाला बेलफास्ट समजावून सांगावे लागत नाही. ‘आडनाव काय?’ आणि ‘गाव कुठले, गावात कुठे?’ हे दोन प्रश्न इथे कशासाठी विचारले जातात, ते सगळ्यांना माहीत आहे. या मैफलीनंतर वर्षभराने, डिसेंबर २०२० मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे जाऊन त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे यावीत, असे ठरले.

या निर्णयाचा आणि गाण्याचा संबंध काहीच नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की फरक दिसतो. सरकार पाटी बदलू शकते. नवी पाटीही काही दिवसांत तेच सांगू लागते, कारण कोणते नगर कुठल्या वाड्याच्या जागी आले, हे गावाला पाठ असते. गाणे पाटी बदलत नाही; साडेपाच मिनिटे पाटी नसलेल्या ठिकाणी नेते आणि परत आणून सोडते. या दोहोंत निर्णयाची गरज जास्त आहे, यात वाद नाही. पाटी नसलेले ठिकाण कसे असेल, याची कल्पना मात्र शासन आदेशातून येत नाही.

आज असे गाणे तयार होईल का?

तंत्राच्या दृष्टीने केव्हाही. १९८६ मध्ये एजने ज्यासाठी महागडी यंत्रे वापरली, तो पाऊण मात्रेचा डिले आज फोनवरच्या मोफत ॲपमध्ये मिळतो. लय किती ते सांगा, ३५७ मिलिसेकंदांचा हिशेब ते स्वतः करते. ‘वातावरणनिर्मिती करणारे अल्टरनेटिव्ह रॉक’ असे नुसते लिहिले की मिनिटभरात गाणे हातात ठेवणारी एआयची साधनेही आली आहेत आणि ती जे देतात ते कानाला वाईट लागत नाही. घुमणारी गिटार असते, लांबून येणारे सूर असतात, उसासा टाकणारा आवाज असतो.

अडचण वेगळीच आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे ३० सेकंद ऐकले गेले तरच ते ‘ऐकले’ म्हणून मोजले जाते. ‘स्ट्रीट्स’मध्ये तिसाव्या सेकंदाला गिटारचा एक स्वरही आलेला नसतो. नुसता ऑर्गन. आजच्या एखाद्या नव्या बँडने असे गाणे पाठवले, तर पहिली सूचना काय येईल ते सांगायला नको. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील एका अभ्यासात १९८६ ते २०१५ या काळातली लोकप्रियतेच्या यादीत वर असलेली गाणी तपासली गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात अशा गाण्यांत आवाज येण्याआधीचे वादन सरासरी वीस सेकंदांहून जास्त असे. शेवटी ते पाच सेकंदांवर आले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभ्यासाचे पहिले वर्ष नेमके तेच, ज्या वर्षी एज वरच्या मजल्यावर एकटा नाचत होता.

तेव्हाही बाजार दयाळू होता असे नाही. याच अल्बममधली दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ‘स्ट्रीट्स’ तेराव्यापर्यंतच पोहोचले. रेडिओला त्याची सुरुवात लांबलचकच वाटली असणार आणि एकेरी तबकडीसाठी त्याची कापलेली आवृत्ती काढावी लागली. फरक एवढाच, की तेव्हा हे गाणे अल्बमच्या दाराशी उभे राहू शकत होते. तबकडीवर सुई टेकवलेला माणूस उठून पुढचे गाणे लावण्याचे कष्ट सहसा घेत नसे. आता त्याचा अंगठा काचेवरच असतो.

ज्यांना हे गाणे फोनवर ऐकायचे आहे त्यांनी निदान इअरफोन लावावेत. फोनच्या छोट्या स्पीकरवर सुरुवातीचे खालचे सूर जवळपास ऐकूच येत नाहीत. मग चाळीस सेकंद शांतता आहे असे वाटते आणि गिटार लांबून येते आहे हे कळायला आधी जे ‘लांब’ उभे राहायला हवे, तेच राहत नाही.

ईनोची सूचना मात्र अगदीच वाया गेली नाही. मार्च २०२३ मध्ये ‘साँग्स ऑफ सरेंडर’ या संग्रहासाठी बँडने आपली चाळीस जुनी गाणी पहिल्यापासून नव्याने मुद्रित केली. त्यात ‘स्ट्रीट्स’ही आहे; जुन्या टेपला हात न लावता, शांत आणि संयत मांडणीत, बोनोच्या साठीतल्या आवाजात. छत्तीस वर्षे उशिरा का होईना, कोऱ्या फितीवर पुन्हा सुरुवात झाली. ती आवृत्ती ऐकण्यासारखी आहे. मात्र मैफलीत दिवे लाल होऊन ऑर्गनचा सूर लागतो तेव्हा लोक वाट पाहतात ती पॅट मॅकार्थीने वाचवलेल्या टेपवरच्या त्या सहा स्वरांचीच.